नौपाड्यात काढलेली रेडिंगची शेड

इंग्लंडात बऱ्याच घरांमागे परस असतं आणि परसात शेड. आपल्याकडे बाथरूमवरचा माळा जे काम करतो, तेच इथे ही लाकडी खोली करते. गवत कापायचं यंत्र, सायकली, फावडी, अर्धे संपलेले रंगाचे डबे, फेकवत नाही ते सगळं तिच्यात. तयार शेड विकत मिळतात, पण रेडिंगच्या आमच्या घराच्या परसाचा कोपरा तिरका. म्हटलं, आराखडा आपणच काढू.

डिसेंबरात ठाण्याला, नौपाड्यातल्या घरी आले तेव्हा माझं चित्र बाबांपुढे ठेवलं. बाबांची अख्खी नोकरी वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग बोर्डापाशी गेली. त्यांनी चष्मा पुसला, कागद उलटा केला.

"आत काय ठेवणार?"

"सामान, बाबा."

"सामान म्हणजे काय? मापं सांग."

मापं कुठे होती! नौपाड्यात दुपारचे बारा, म्हणजे रेडिंगला सकाळचे साडेसहा. नवरा बिचारा मिट्ट काळोखात टॉर्च तोंडात धरून सायकलीचं हँडल मोजत होता. मोजल्यावर कळलं की माझ्या चित्रातल्या दारातून यंत्र आत गेलं असतं, पण माणसाची बोटं सोलून. दार ९० सेंटीमीटरचं झालं. शिवाय मी बाहेरचं मापच आतलं धरलं होतं. इथे ज्याला 'चार बाय दोन' म्हणतात ते लाकूड रंधून प्रत्यक्षात ८९ बाय ३८ मिलिमीटर भरतं. दोन्ही बाजूंच्या भिंतींनी मिळून आतली जवळजवळ १८ सेंटीमीटर जागा खाल्ली.

मग बाबांनी प्लायवुडच्या शीटचं माप विचारलं. २४४० बाय १२२०, तिथेही आणि इथेही, आपलं आठ बाय चार. "मग शीटच्या मापाने शेड कर, शेडच्या मापाने शीट कापत बसू नकोस." शेड आठ बाय सहा फूट ठरली. लांबीच्या भिंतीला दोन उभ्या शीट, रुंदीच्या भिंतीला दीड. उभे वासे मध्यापासून मध्यापर्यंत ६१ सेंटीमीटरवर, म्हणजे शीटचा जोड बरोबर वाशाच्या मधोमध येतो. हे मला इंटरनेटवर दहा व्हिडिओ बघून समजलं नव्हतं.

खरं भांडण झालं ते छपरावरून. बाबांना फुटाला चार इंच उतार हवा होता. ठाण्याच्या पावसाची सवय, दुसरं काय! लंडनकडे वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा आपल्याकडे कधीकधी एकट्या जुलैच्या पंधरवड्यात होतो. पण अडचण पावसाची नव्हतीच. आमच्यासारख्या साध्या घराला शेडसाठी सहसा परवानगी लागत नाही, मात्र कुंपणापासून दोन मीटरच्या आत बांधली तर उंची २.५ मीटरच्या वर जाता कामा नये, आणि ती उंची मोजायची जमिनीपासून, जोतं धरून. मागची भिंत १.९ मीटर, सहा फुटांत चार-चार इंच चढवलं की नुसतं छप्परच २.५ ओलांडतं. मी बेरीज करून दाखवली. बाबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि दोन इंचांवर आले. तडजोडीची ही कला त्यांना माझ्या लग्नाच्या वेळी अवगत नव्हती.

छप्पर एकपाखी, उतार मागे कुंपणाकडे. त्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पागोळ्या शेजाऱ्याकडे नाही ना पडणार?" आईचं माहेर कोकणातलं. पागोळ्यांवरून दोन पिढ्या अबोला धरलेली घरं तिने पाहिली आहेत. म्हणून मागे ४५ सेंटीमीटर मोकळी जागा सोडली, पन्हळ लावली, तिच्या तोंडाशी पिंप. त्या फटीत उभं राहून पुढे भिंतीला रंगही देता येईल.

बाबांनी मग पूर्ण आराखडा पेन्सिलीने ग्राफ पेपरवर काढला, एकास वीस. खाली उजव्या कोपऱ्यात कंपनीत करायचे तशी चौकट, 'रेखाटले'समोर स्वतःची सही. 'तपासले'समोर माझी घेतली.

परवा फरश्यांचं जोतं घातलं. सहा आणि आठ फुटांचा काटकोन, तेव्हा कर्ण बरोबर दहा यायला हवा. व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं, एक कर्ण दहा फूट, दुसरा दहा फूट अर्धा इंच.

"अर्धा इंच चालतो हो बाबा, शेडच तर आहे."

पलीकडे आवाज नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"मी थांबलोय," बाबा म्हणाले. "टेप घे."