शनिवारचा बाजार आणि शेजारचे काका-काकू

आज सुवा मार्केटला शेजारच्या अमेरिकन काका-काकूंसोबत गेले. दोघं युटाचे, मॉर्मन चर्चचे सिनियर मिशनरी, सत्तरीच्या आसपास, रिटायर झाल्यावर सगळा खर्च पदरचा करून इथे फिजीत आलेत. मला वाटायचं मिशनरी म्हणजे दारोदार फिरून धर्म सांगणार, पण ते काम बहुतेक विशीतली पोरंपोरी करतात, हे दोघं चर्चच्या ऑफिसची कामं, आजारी माणसांना भेटणं आणि त्या पोरांना जेवू घालणं यातच बुडालेले असतात. मला आजवर एकदाही चर्चला चला म्हणाले नाहीत, हे मला फार आवडतं.

मार्केटात भाजी वाट्यावर मिळते, टोमॅटोचा वाटा, वांग्यांचा वाटा. काकूंनी भेंडीवालीशी बुला बुला (म्हणजे इथला नमस्कार) करत एवढ्या गप्पा मारल्या की तिने चार भेंड्या वर टाकल्या, मी एवढी वर्षं येतेय, मला कधी नाही टाकल्या 😄

घरी आल्यावर चहा ठेवणार तेवढ्यात आठवलं, चहा-कॉफी त्यांच्यात चालत नाही. मग गवती चहा, आलं आणि गूळ उकळून दिला, चहा पावडर न घालता. काकांनी दोन कप घेतले. मधेच नातवाचा व्हिडिओ कॉल, इथे शनिवार तर तिकडे अजून शुक्रवार दुपार, तो पठ्ठ्या विचारतो, आजोबा उद्या पाऊस पडणार का सांगा ना, तुम्ही उद्यातच आहात!

पुढच्या शनिवारी काकूंना पोळ्या शिकायच्यात. कणिक मीच मळून ठेवणार.