भंगारातला ४८६ आणि त्याची निळी बॅटरी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीकडे गेले की भंगाराच्या दुकानांत यंत्रमागांचे सुटे भाग आणि जळालेल्या मोटारी दिसतात. एखाद्या कारखान्याचे कार्यालय रिकामे झाले की तिथले जुने संगणकही त्याच ढिगात येऊन पडतात. मी रविवारी सकाळी, ऊन तापण्याआधी, तिथे फेरी मारतो.

दुकानदारासाठी संगणक म्हणजे पत्रा, तांबे आणि थोडेसे सोने. १९८९ मध्ये आलेल्या ४८६ प्रोसेसरला, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपला, सोन्याचा मुलामा दिलेल्या १६८ पिना असतात, म्हणून सर्वांत आधी तोच उपटला जातो. याचे मला वाईट वाटते, पण ज्यांचे पोट वजनकाट्यावर चालते त्यांच्याशी मी भावावरून घासाघीस करत नाही.

गेल्या महिन्यात प्रोसेसरसकट एक ४८६ संगणक हाती लागला. घरी आणून झाकण काढले, तर कीबोर्डच्या गोल सॉकेटशेजारची ३.६ व्होल्टची निळी निकेल-कॅडमियम बॅटरी गळलेली होती आणि मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट बोर्डवरच्या) भोवतीच्या तांब्याच्या रेषांवर मोरचुदासारखा हिरवा-निळा थर चढला होता. पडून राहिलेले बहुतेक ४८६ आणि त्याआधीच्या पिढीतले ३८६ माझ्या पाहण्यात या बॅटरीनेच निकामी झालेले आहेत. हातमोजे घालून ती कापली आणि ई-कचऱ्यात देण्यासाठी वेगळी ठेवली. गळलेला द्रव अल्कधर्मी असल्यामुळे तो भाग जुन्या टूथब्रशने व्हिनेगर लावून घासला, मग डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला. मल्टिमीटर लावून पाहिल्यावर तीन रेषा तुटलेल्या सापडल्या. केसासारख्या बारीक तारेने त्या जोडण्यात दोन रात्री गेल्या.

तिसऱ्या रात्री पडद्यावर मेमरीचे आकडे चढू लागले. बॅटरीअभावी सगळी सेटिंग पुसली गेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या लेबलवरून सिलिंडर, हेड आणि सेक्टरांचे, म्हणजे डिस्कची रचना सांगणारे, आकडे हाताने भरले. डिस्क फिरली. त्यात सूत, रंग आणि मजुरी अशा नावांच्या फायली होत्या. त्या मी उघडल्या नाहीत. हिशेब ज्यांचा आहे त्यांना दुकानदारामार्फत निरोप धाडला आहे.

दुकानदाराकडे मी आता एक कटर ठेवून आलो आहे आणि संगणक आला की आधी ही बॅटरी कापून बाजूला ठेवा, एवढी विनंती केली आहे. ‘सोनं सोडून बॅटरीच्या मागं का लागलाय सर?’ असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याच्याच ढिगातला एक मदरबोर्ड उचलून त्याला तो हिरवा थर दाखवला.