वेदरिंग स्टीलची डब्ल्यूपीएस मंजूर करून घेताना : माझा अनुभव

रंग न लावता उघड्यावर राहणाऱ्या ए588 या वेदरिंग स्टीलच्या (ज्यावर बसलेला गंजाचा घट्ट थरच पुढचा गंज रोखतो अशा पोलादाच्या) तुळयांसाठी डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्डिंग कसे करायचे ते ठरवून देणारे लेखी पत्रक, तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. जोडांचे प्रकार, वेल्डिंगची स्थिती आणि करंट-व्होल्टेजच्या मर्यादा विनासायास ठरल्या. फाइल अडकली ती फिलरच्या, म्हणजे जोडात वितळवून भरायच्या धातूच्या, एकाच रकान्यात.

पोलादी बांधकामाच्या वेल्डिंगसाठीच्या एडब्ल्यूएस डी1.1 या अमेरिकी संहितेनुसार हाताने, म्हणजे रॉडने, केलेले 6 मिमीपर्यंतचे एकाच पासचे (एकाच फेरीत भरलेले) फिलेट, म्हणजे कोपऱ्यातले तिकोनी वेल्ड, साध्या ई7018 रॉडने करता येतात, कारण मूळ पोलाद वितळून मण्यात (वेल्डच्या पट्टीत) मिसळते आणि त्यातले तांबे व क्रोमियम मण्यालाही गंजाचा तोच रंग देते. अनेक पासच्या जोडात मात्र वरच्या थरांपर्यंत हे मिश्रण पोहोचत नाही. म्हणून आतला भाग ई7018 ने भरून उघड्या पृष्ठभागांवर आणि कडांवर किमान दोन थर ई8018-डब्ल्यू2 चे द्यावेत, असे मी लिहिले होते. या वेदरिंग रॉडमध्ये निकेल, क्रोमियम आणि तांबे तिन्ही असतात.

मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने फाइल परत पाठवली, ती ‘सर्व पास वेदरिंग रॉडनेच करावेत’ एवढ्या एका ओळीसह. कारण दिलेले नव्हते. मी संहितेतील कलम जोडून उत्तर पाठवले, तर पोलादाचे मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा रासायनिक व ताकदीच्या चाचण्यांचा दाखला) मागवण्यात आले. ते दिले, तर तीच ओळ पुन्हा आली. रचनाकाराकडून पृष्ठभाग रंगवला जाणार नाही असे लेखी आणले (हे पत्र तुम्ही पहिल्याच दिवशी घ्या, कारण रंग लागणार असेल तर हा सारा वादच संपतो), तरीही फाइल हलली नाही. संहिता उघडून न पाहता शेरा मारणाऱ्यांबद्दलचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. अखेर थेट तपासनिसांशी बोलल्यावर खरी शंका कळली : एकाच जोडावर दोन प्रकारच्या रॉड आल्या, तर त्यांची अदलाबदल होणार नाही याची खात्री कोण देणार? शंका रास्तच होती. ती कागदावर लिहायला कोणाची हरकत होती, हे मात्र मला उमगलेले नाही.

मग मी प्रत्येक जोडाचा छेद काढून पासला क्रमांक दिले, त्यापुढे रॉड लिहिली आणि दोन्ही रॉडसाठी वेगळे ओव्हन व वेगळी वाटप-नोंद दाखवली. छोटे फिलेट मी ई7018 वरच ठेवले. हे रेखाचित्र गेल्यावर मंजुरी लगेच आली, तेव्हा समाधानापेक्षा चीडच जास्त वाटली. ओलावा घालवण्यासाठी रॉड ओव्हनमध्ये भाजण्याचे तापमान आधीच नमूद करावे : ई7018 साठी 260 ते 430 अंश सेल्सिअसला किमान दोन तास, तर ई8018-डब्ल्यू2 साठी 370 ते 430 अंशांना किमान एक तास.

प्रीहीटचे, म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवण्याचे, सांगायचे राहिले. लो-हायड्रोजन रॉड (वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणाऱ्या; वरच्या दोन्ही रॉड अशाच आहेत) वापरताना 38 मिमीपेक्षा जाड आणि 65 मिमीपर्यंतच्या प्लेटला किमान 65 अंश सेल्सिअस लागतात. वेल्डरची नवी चाचणी कोणी मागितली, तर दोन्ही रॉड एफ4 या एकाच गटातल्या (वेल्डरच्या पात्रतेसाठी एकसारख्या धरल्या जाणाऱ्या) आहेत हे दाखवावे. आमच्याकडे ती मागणी तेवढ्यावरच मागे घेतली गेली.