अकरा ओळी

९ जुलै २००६, वर्तमानपत्रातली रविवारची रात्रपाळी. खेळाच्या पानाला आम्ही दोघंच, मी आणि पान लावणारा ऑपरेटर. बर्लिनमधली फुटबॉल विश्वचषकाची फायनल, फ्रान्स विरुद्ध इटली, आपल्या घड्याळाने रात्री साडेअकराला सुरू होणार होती. म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या, आधी छापल्या जाणाऱ्या डाक आवृत्तीला निकाल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शहर आवृत्तीचं पान मात्र वृत्तसंपादकांनी दोनपर्यंत थांबवून घेतलं होतं. त्यासाठी छपाईच्या मशीनवाल्यांची केवढी मनधरणी करावी लागली, ते मी शेजारच्या खुर्चीवरून ऐकत होतो.

फ्रान्सचा कर्णधार झिदानवरचा लेख मी घरूनच लिहून आणला होता. चौतिसाव्या वर्षी कारकिर्दीतला शेवटचा सामना, आणि तोही विश्वचषकाची फायनल. असा विषय मिळाल्यावर लेख लिहावा लागत नाही, आपोआप उतरतो. मार्सेतल्या ला कास्तेलान वस्तीतलं बालपण, अल्जीरियातून आलेले आईवडील, १९९८ च्या फायनलमध्ये ब्राझीलविरुद्ध हेडरने केलेले दोन गोल, २००२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये ग्लासगोत लेव्हरकुसेनविरुद्ध डाव्या पायाने हवेतच मारलेली ती व्हॉली. पण मजकूर पानावर घेतला आणि अकरा ओळी जास्त झाल्या.

कापायचं काय? नजर नेमकी एका परिच्छेदावर गेली. १९९८ च्याच स्पर्धेत सौदी अरेबियाच्या कर्णधाराच्या अंगावर बूट दाबल्याबद्दल लाल कार्ड, दोन सामन्यांची बंदी. २००० मध्ये युव्हेंटस या इटालियन क्लबकडून खेळताना हॅम्बुर्गच्या योखन कीन्ट्झला डोक्याने धडक, पाच सामन्यांची बंदी. कारकिर्दीत एकूण लाल कार्डं १३. परिच्छेद मोजून अकरा ओळींचा.

"हा चांगला होता की, सर," ऑपरेटर म्हणाला.

"निरोपाच्या दिवशी कशाला कुणाचं उणंदुणं काढायचं? काढ तो."

त्याने तो पुसून न टाकता बाजूच्या फाइलमध्ये ठेवला. त्याची ती सवयच होती.

सामना सुरू झाला आणि सातव्या मिनिटालाच फ्रान्सला पेनल्टी मिळाली. मारायला झिदान, समोर इटलीचा गोलरक्षक बुफोन. अशा वेळी कुणीही चेंडू कोपऱ्यात ठोसून देईल. या गृहस्थांनी तो खालून हलकेच उचलून दिला. चेंडू आडव्या दांड्याला लागला, गोलरेषेच्या आत पडला आणि बाहेर आला. क्षणभर गोल आहे की नाही तेच कळेना. फायनलमध्ये हे सुचतं कसं माणसाला? मग १९ व्या मिनिटाला इटलीचा बचावपटू मातेरात्सी याने हेडर मारून बरोबरी साधली. पेनल्टी ज्याच्यामुळे मिळाली तोही हाच मातेरात्सी. पुढचा दीड तास स्कोअर १-१. मी दोन मथळे करून ठेवले, एक फ्रान्स जिंकल्याचा, एक इटलीचा. दोन्हींच्या खाली झिदानचाच फोटो.

जादा वेळ सुरू झाला तेव्हा मशीनमधून पहिला फोन आला. १०४ व्या मिनिटाला झिदानचा हेडर बुफोनने बोटांनी वर ढकलला. तो आत गेला असता तर माझा लेख जसाच्या तसा छापला गेला असता.

मग ११० वं मिनिट. चेंडू भलतीकडे होता, कॅमेरा चेंडूबरोबर. एकदम खेळ थांबला आणि मातेरात्सी आडवा पडलेला दिसला. आम्हाला वाटलं, पायात गोळा आला असेल. बुफोन पंचांच्या सहायकाकडे हातवारे करत धावतोय, फ्रान्सचे खेळाडू गोंधळलेत. आणि मग रिप्ले आला.

तो रिप्ले मी त्या रात्री निदान वीस वेळा पाहिला. मातेरात्सी झिदानची जर्सी ओढतो. दोघं चालत चालत काहीतरी बोलतात. झिदान चार पावलं पुढे निघून जातो. मागून आणखी काही शब्द येत असावेत. तो वळतो, परत येतो आणि मातेरात्सीच्या छातीवर सरळ डोकं हाणतो. आरडाओरडा नाही, झोंबाझोंबी नाही. काहीतरी विसरलं म्हणून माणूस घरात परत यावा, तितक्या सहज तो मागे वळला होता.

पंच एलिझोंदो यांनी ते पाहिलंच नव्हतं. चौथे पंच मेदिना कांतालेखो यांनी कानातल्या यंत्रावरून त्यांना सांगितलं आणि लाल कार्ड निघालं. बोगद्याकडे जाताना वाटेत विश्वचषक मांडून ठेवलेला होता. झिदान मान खाली घालून त्याच्या शेजारून गेला.

पेनल्ट्यांवर इटली ५-३ ने जिंकली तेव्हा दोन वाजून गेले होते. मशीनवाले आता फोनवर नुसते "द्या हो, द्या" एवढंच म्हणत होते. आणि आमच्याकडे मथळ्यावरून वाद सुरू होता. वृत्तसंपादकांना "माथेफिरू!" हवा होता. शब्द चपखल, कोटी फक्कड, हे मलाही मान्य. पण माथं फिरलेला माणूस तसा चालत नाही, असं मी म्हणत राहिलो. ते वैतागून म्हणाले, "तुझा हिरो आहे म्हणून तुला टोचतंय." खोटं नव्हतं. शेवटी घड्याळानेच निकाल दिला. "इटली विश्वविजेता, झिदानला लाल कार्ड", साधा मथळा, आणि खाली चषकाशेजारून जाणाऱ्या पाठमोऱ्या झिदानचा फोटो.

लेखाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. नवा लिहायला वेळ नव्हता. ऑपरेटरने काही न बोलता बाजूची फाइल उघडली आणि त्या अकरा ओळी लेखाच्या डोक्यावर नेऊन बसवल्या. मी फक्त १३ चे १४ केले आणि ग्लासगोची व्हॉली कापली. लेख अगदी ठाकठीक बसला. ते पाहून मला कसंसंच झालं. आधीच्या धडकेबद्दल सहा वर्षं माहीत असलेला मी, ती वाचकांपासून लपवून संध्याकाळी पान लावून मोकळा झालो होतो. आणि डाक आवृत्ती तर तशीच गेलीही होती.

सोमवारी फोन वाजायचे थांबेनात. कुणी म्हणे पोराबाळांना काय दाखवायचं, कुणी म्हणे त्या मातेरात्सीला का नाही काढलं. डाक आवृत्ती वाचलेल्या एकांनी विचारलं, "तुमच्या लेखात हे अवाक्षरही कसं नाही?" सामना संपायच्या आधी पान गेलं, असं मी त्यांना सांगितलं. उत्तर खरं होतं, आणि तरी पुरतं खरं नव्हतं.

संध्याकाळी वृत्तसंस्थेची बातमी आली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल झिदानलाच. पत्रकारांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार. वृत्तसंपादक कागद माझ्यापुढे टाकत म्हणाले, "घ्या, तुमचा माणूस." मी बातमी केली, शेवटी कारकिर्दीचा आढावा जोडला. पान लावताना पुन्हा चार ओळी जास्त झाल्या.

"हॅम्बुर्गचं वाक्य काढू?" ऑपरेटरने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "दोन्हीकडचे फोटो जरा बारीक कर."