उलटं हवं ते सुलटं आलं

काही एरर सभ्य असतात. पडद्याच्या मधोमध खिडकी उघडून सांगतात: प्रिंटर सापडला नाही, फाइल उघडता येत नाही. आपण करवादतो, ओके दाबतो, पण निदान घोळ आहे एवढं तरी कळतं. प्रोटेल ९९ एसई किंवा ईगलच्या जुन्या आवृत्त्या, म्हणजे सर्किट बोर्डाची ती जुनी सॉफ्टवेअरं, यांचा महागात पडणारा घोळ मात्र तोंडाने बोलत नाही. तो कागदावर उतरतो आणि तिथेही मुकाट बसून राहतो.

ईगलचंच घ्या. प्रिंटच्या खिडकीत 'पेज लिमिट' नावाचा एक रकाना असतो. तिथे १ लिहिलेलं असलं आणि बोर्ड पानात मावत नसलं, तर ईगल कोणाला न विचारता चित्र मावेपर्यंत लहान करतं. कागद हातात येतो तेव्हा ट्रॅक (तांब्याच्या वाटा) रेखीव, पॅड (पाय डाखायचे ठिपके) गोल, सगळं देखणं. आता चाळीस पायांची आयसी, म्हणजे चिप, घ्या. लगतच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर, म्हणजे एका ओळीत पहिल्यापासून विसाव्यापर्यंत ४८.२६. प्रिंट ९६ टक्क्यांवर आलं असेल तर तेच अंतर कागदावर ४६.३३ भरतं. रेझिस्टरचे पाय वाकवून बसवता येतात, आयसीशी तशी तडजोड होत नाही. म्हणून पट्टी शोधत बसू नये, सरळ आयसीच कागदावर ठेवावी. पहिला पाय पॅडच्या मध्यावर धरायचा आणि पुढे बघत जायचं. पाचव्यापर्यंत सगळं आलबेल, दहावा पॅडच्या काठावर, आणि विसावा पॅड सोडून कोऱ्या कागदावर. घरी बोर्ड करताना हा कागद तांब्याच्या पत्र्यावर ठेवून इस्त्री करतात, म्हणजे टोनर पत्र्यावर उतरतो, आणि उरलेलं उघडं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवतात. इस्त्रीच्या आधी घोळ कळला तर पाच रुपयांचं नुकसान. नंतर कळलं तर तांबं गेलं, फेरिक क्लोराइड गेलं आणि रविवारही गेला.

घरी बोर्ड करणाऱ्याला लेझर प्रिंटसाठी झेरॉक्सवाल्याकडे जावंच लागतं, आणि तिथला पोरगा मदतीला फार तत्पर असतो.

"काका, फिट टू पेज ठेवू ना?"

"नको रे बाबा. अ‍ॅक्च्युअल साइझ."

प्रिंट निघतं. तो ते निरखून बघतो. "काका, अक्षरं उलटी आलीत. फ्लिप करून देतो, थांबा."

उलटीच हवी असतात. इस्त्रीने टोनर तांब्यावर उतरला की ती सुलटी होतात. बोर्डाचा खालचा थर सॉफ्टवेअर वरून बघितल्यासारखा, आधीच उलटा दाखवतं; म्हणून त्याला मिररची टिक लावायची नाही, वरच्याला लावायची. पण हे काउंटरवर, मागे आधार कार्डाच्या कॉप्या घेऊन चार माणसं उभी असताना समजावणं अवघड. ईगलच्या प्रिंटच्या खिडकीतल्या 'ब्लॅक' आणि 'सॉलिड' या दोन टिका राहिल्या असतील तर पुढची गंमत घरी कळते. पडद्यावरचा निळा थर करड्या ठिपक्यांत छापला जातो, टोनर विरळ बसतो आणि फेरिक क्लोराइड ट्रॅकही खाऊन टाकतं.

बोर्ड बाहेरून करून घ्यायचं तर कारखान्याला बोर्डाचं चित्र सांगणारी गर्बर फाइल लागते, आणि इथे जुन्या सॉफ्टवेअरचा खरा स्वभाव दिसतो. व्हिएन्नात जन्मलेले आणि १९४० मध्ये अमेरिकेत आलेले जोसेफ गर्बर, त्यांच्या कंपनीचं हे नाव. पूर्वी फोटोप्लॉटर नावाचं यंत्र अंधाऱ्या खोलीत फिल्मवर प्रकाशाने चित्र काढायचं. त्यात एक चकती असे आणि चकतीत निरनिराळ्या मापांची भोकं, म्हणजे अ‍ॅपर्चर. फाइलमध्ये नुसते हुकूम: डी१० घे, इथून तिथे रेघ ओढ, इथे एकदा चमक. डी१० भोक केवढं, हे फाइल सांगतच नाही. ते वेगळ्या यादीत लिहिलेलं. ईगलमध्ये त्या यादीच्या फाइलचं शेपूट डब्ल्यूएचएल, म्हणजे 'व्हील', चक्क चकती! ही यादी पाठवायची राहिली की कारखान्यातून फोन येतो: "साहेब, अ‍ॅपर्चर मिळत नाहीत." एरर सॉफ्टवेअरचा नाहीच म्हणा. बदली होऊन गेलेल्या साहेबाच्या नावाने अर्ज लिहीत राहणाऱ्या कारकुनासारखं ते इमानाने चकतीशी बोलत असतं. १९९८ मध्ये मापं फाइलमध्येच लिहिण्याची सुधारित पद्धत आली, २०१४ मध्ये जुनी पद्धत अधिकृतपणे रद्दही झाली. तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पद्धतींनी फाइल काढता येते: जुनी आरएस-२७४डी, सुधारित आरएस-२७४एक्स, फरक शेवटच्या एका अक्षराचा. जुन्या फाइलसोबत जुन्या सेटिंगही येतात, त्यामुळे त्या अक्षराकडे आधी बघावं.

भोकं कुठे पाडायची ते सांगणाऱ्या ड्रिल फाइलची कथा थोडक्यात सांगतो. तिच्यात बऱ्याचदा दशांश चिन्हच नसतं. ०१२५०० हा आकडा दोन-चारच्या हिशेबात, म्हणजे शेवटचे चार आकडे दशांशानंतरचे धरले तर, सव्वा इंच; दोन-तीनच्या हिशेबात, म्हणजे शेवटचे तीन धरले तर, साडेबारा इंच. या फाइली उघडून बघायच्या व्ह्यूअरमध्ये बोर्ड एका कोपऱ्यात आणि भोकं पार दुसऱ्या गावी दिसली, तर डिझाइनला हात लावू नका. आकड्यांची मांडणी बदलून बघा.

ऑटोडेस्कने ईगलचा गाशा गुंडाळायची तारीख ७ जून २०२६ अशी २०२३ मध्येच सांगून टाकली होती, म्हणून जुनी बोर्डं एकेक करून कायकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ठेवतोय. बरीचशी उघडतात. एका गिऱ्हाइकाकडे मात्र फाइल नाहीच, नुसती फिल्म आहे. ती स्कॅन करायला दुकानात न्यायची, तर आधी त्या पोराला चहा पाजून 'फिट टू पेज' आणि 'फ्लिप' या दोन्ही विषयांवर एकदाचं बोलावं लागणार.