समुद्र वर, माती खाली

शाळेच्या कंपाऊंडवर मुलांनी गावाचं चित्र काढायचं ठरलं की पहिला वाद रंगांवरून होत नाही, समुद्र कुठे घ्यायचा यावरून होतो. मुलांच्या कागदावर दोन डोंगर आणि मधून सूर्य असतोच. कोकणात डोंगर पूर्वेला, म्हणजे ही सकाळ. पण मुलांना विचाराल तर संध्याकाळच सांगतील. समुद्र मात्र सगळे तळाला घेतात.

माझं मत विचाराल तर तो वर घ्यावा. जूनमध्ये पावसाचे टपोरे थेंब तांबडी माती फूट-दीड फूट भिंतीवर उडवतात. तळाला निळा रंग असेल तर पंधरा दिवसांत त्याची खाडी होते. तिथे गेरूच्या रंगाचा सडा, म्हणजे कातळाचं माळरान घ्यावं, पायवाट घ्यावी. उडालेला चिखल चित्रातच जमा. राजापूरकडे तर प्रश्नच नको. कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती फिक्या रेषेत काढला की तळ भरला.

शिवाय सहा फुटी भिंतीत पाचवीच्या पोराचा ब्रश साडेचार फुटांपर्यंतच नीट चालतो. वरचं सपाट निळं मोठ्यांनी रोलरने उरकावं. होड्या आम्हीच काढणार म्हणून मुलं हटून बसतात. त्यांना त्या कागदावर काढू द्याव्यात. मग रेषेवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि गेरूची पुरचुंडी आपटायची. ठिपके उमटतात, होडी मुलाचीच राहते.

सिंधुदुर्गात चतुर्थीआधी गणपतीमागची भिंत रंगवतातच, पण ती छपराखालची. उघड्यावरची जांभ्याची भिंत पाणी पिऊन बसलेली असते. दिवाळीनंतर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा; सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून थांबावं. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून ब्लिचिंगच्या पाण्याने धुवावं, सुकू द्यावं, मग प्रायमर. गिलाव्यात किनाऱ्यावरची वाळू गेली असेल तर लोणा, म्हणजे पांढरं मीठ, फुटून येणारच, रंग कितीही महागाचा आणा. वरून वार्निश मारू नये. ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

वीस फूट बाय सहा फूट भिंतीला बाहेरच्या इमल्शनचे दोन हात द्यायला अडीच-तीन लिटर पुरतो. कागदावर इंचाचे चौकोन, भिंतीवर नीळ लावलेल्या दोरीने फुटाचे. चौकोन मुलांना वाटून देऊ नयेत; एकाचा रस्ता दुसऱ्याच्या विहिरीत संपतो. बाह्यरेषा दोघा-तिघांनी सलग काढावी, रंग सगळ्यांनी भरावा. ब्रश मुलागणिक नको, रंगागणिक ठेवावा. रंग करवंट्यांत द्यावा आणि करवंट्या वाळूत रोवाव्यात, नाहीतर कलंडतात. पाणी मोठ्यांनीच घालावं, तेही गोडं. पश्चिमेकडची भिंत सकाळी उरकावी, दुपारी रंग ब्रशवरच सुकतो. काळी रेषा सगळ्यात शेवटी.

बाहेरगावचे चित्रकार एरवी गुणी असतात, पण प्रमाण सुधारायला जातात. मुलांच्या गावात जेटीवरचा कुत्रा देवळाएवढा असतो आणि ग्रामपंचायत काड्यापेटीएवढी. ते तसंच ठेवावं. कुणाशी रोज गाठ पडते, ते त्या मापावरून कळतं. सूर्यही डोंगरातच राहू द्यावा.

आता समुद्र वर घेण्यातली खोट. कंपाऊंडवर बाहेर आलेली कोपिंग, म्हणजे माथ्यावरचं झाकण, आणि तिच्या पोटाला पाणी तोडणारी खाच नसेल, आणि बहुतेक ठिकाणी ती नसतेच, तर पाणी माथ्यावरून सरळ उतरतं आणि शेवाळाचे काळे ओघळ थेट समुद्रात. दोन पावसाळ्यांत निळा शोधावा लागतो. पण आषाढात खरा समुद्र तरी कुठे निळा असतो!