माझा अनुभव: ४० फोटो आणि डोळ्यातल्या शिरा

रेटिनाच्या (डोळ्यामागच्या पडद्याच्या) फोटोतल्या शिरा शोधणाऱ्या माझ्या मॉडेलचा पहिल्याच रात्री डाइस स्कोअर (खऱ्या उत्तराशी किती जुळतं त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९ आला आणि मी खुळ्यासारखा स्क्रीनशॉट काढून मॅडमना पाठवला. सकाळी त्यांचा एवढाच मेसेज: "आउटपुट उघडून बघितलंस का?"

उघडलं. पांढरीशुभ्र गोल थाळी. शीर एकही नाही.

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी रेटिनाच्या फोटोतल्या रक्तवाहिन्या वेगळ्या काढायचं काम घेतलं होतं. डेटासेट 'ड्राइव्ह', नेदरलँड्समधल्या डायबेटिक रेटिनोपथीच्या, म्हणजे मधुमेहामुळे होणाऱ्या रेटिनाच्या आजाराच्या, तपासणीतला. फोटो मोजून ४०: २० शिकवायला, २० तपासायला. त्यात 'मास्क' नावाचं फोल्डर आहे. सेगमेंटेशनवाले, म्हणजे फोटोतला हवा तो भाग वेगळा काढणारे, उत्तरालाच मास्क म्हणतात, म्हणून मी डोळे झाकून तेच जोडलं. पण त्यात असतं फक्त कॅमेऱ्यात आलेलं वर्तुळ. हाताने आखलेल्या शिरा 'फर्स्ट मॅन्युअल' नावाच्या शेजारच्या फोल्डरात. ते जोडलं, तर माझ्याकडच्या ओपनसीव्हीला (फोटो हाताळणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) त्यातली जिफ फाइल वाचता येईना. गेला अर्धा दिवस.

एवढ्याशा डेटावर यू-नेट (सेगमेंटेशनसाठीचं न्यूरल नेटवर्क) कोऱ्या पाटीपासून शिकवता येत नाही असं नाही. २०१५ साली फ्रायबुर्गच्या मंडळींनी ३० फोटोंवरच करून दाखवलं होतं. पण माझं गाडं बारीक शिरांवर अडलं होतं, म्हणून त्याच्या एन्कोडरच्या (फोटोतून खुणा टिपणाऱ्या पहिल्या अर्ध्या भागाच्या) जागी इमेजनेट या फोटोंच्या मोठ्या संग्रहावर आधीच शिकलेलं रेझनेट-३४ हे नेटवर्क बसवलं. कुत्री, कपबश्या, मोटारी असे १२ लाखांवर फोटो पाहिलेल्या नेटवर्कला रेटिनातलं काय कळणार, असं मलाही वाटायचं. पण त्याचे सुरुवातीचे थर कडा, रेषा आणि पोत एवढंच टिपतात, आणि शीर म्हणजे तरी काय, लालसर पडद्यावरची गडद रेघच की!

उत्साहात सगळे थर मोकळे सोडून लर्निंग रेट (दर पावलाला नेटवर्क किती बदलायचं तो वेग) ०.००१ ठेवला. आयतं मिळालेलं शिक्षण दोन-चार फेऱ्यांत धुऊन निघालं. मग एन्कोडर गोठवून आधी फक्त डिकोडर (त्या खुणांवरून शिरांचं चित्र काढणारा दुसरा अर्धा भाग) शिकवला, आणि तो स्थिरावल्यावर रेट शंभरपट कमी करून सगळं उघडलं. दुसरा घोळ फोटोच्या आकाराचा. मी सगळं २५६ बाय २५६ करत होतो, त्यात केसाएवढ्या शिरा पुसल्याच जात होत्या. शेवटी ५६५ बाय ५८४ च्या फोटोला कडेने काळी पट्टी जोडून ५७६ बाय ६०८ केलं. एन्कोडर फोटो पाच वेळा निम्मा करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना ३२ ने भाग जावा लागतो.

डाइस ०.८० च्या आसपास येऊन थांबला. खरं सांगायचं तर कोऱ्या पाटीवरच्या निकालापेक्षा फार पुढे नाही, फक्त खूप लवकर आला. तरी मी खट्टू झालो. मग लक्षात आलं, की तपासणीच्या २० फोटोंवर दुसऱ्या माणसानेही शिरा आखलेल्या आहेत. त्या पहिल्याच्या उत्तराशी ताडून बघितल्या: डाइस ०.७९ च्या आसपास! म्हणजे दोन माणसांचंही एकमेकांशी तेवढंच जुळतं.

या वेळी मॅडमना आकडा नाही, फोटो पाठवला. ऑप्टिक डिस्कजवळची (डोळ्याची नस जिथे रेटिनाला मिळते त्या गोल ठिपक्याजवळची) एक शीर मधेच तुटली आहे, हे त्यांनी लगेच दाखवलं.